इंग्रजांचं ‘बघू या’

नॉर्थॅम्प्टन, रविवार

प्रिय बाबा,

मी ठणठणीत आहे, हाडं शाबूत आहेत, हे आईला आधी वाचून दाखवा.

आमची फॉर्म्युला गाडी प्रत्येक वळणावर मागून घसरते. पहिल्याच शर्यतीनंतर मी इंजिनियर क्लाइव्हला म्हटलं, “मागचा पंख वाढव, म्हणजे वाऱ्याच्या दाबाने मागची चाकं रस्त्याला चिकटतील.” तो हसून म्हणाला, “छान सूचना! बघू या.” मी खूश! लहानपणी मी छोट्या कार्ट-गाड्यांच्या शर्यती खेळायचो तेव्हा तुम्ही ‘बघतो’ म्हणालात की लगेच हातात पाना घ्यायचात. इथे तीन शर्यती हरलो, पंख जागचा हलला नाही.

काल सगळ्यांसमोर ओरडलो, “गाडी भिकार आहे!” सगळे कुजबुजले, “किती उद्धट!” संघातला दुसरा चालक कानात म्हणाला, “अरे डच बाबा, ‘बघू या’ म्हणजे नाही!”

मग ‘नाही’ म्हणायला यांची जीभ झडते का? गुळमुळीत बोलून कधी कुणी शर्यत जिंकलीय? आणि उद्धट कोण, तर मी!

संध्याकाळी संघाच्या मालकांना विचारलं, “पुढच्या वर्षी माझी जागा पक्की ना?” ते गोड हसले. “बघू या.”

आईचा गुडघा कसा आहे? डिसेंबरात सिंटरक्लासच्या सणाला वाटाण्याचं दाट सूप करायला सांगा. मी ‘बघू या’ म्हणत नाही. येतो.

तुमचाच तोंडाळ,
शूर्ड