रूपालीचा वाफा

राजेंद्र नगर, इंदूर
२ डिसेंबर २०२४

ती. इंदिराताईस मालोजीचा सा. नमस्कार. वि. वि.

गुडघा कसा आहे? इथे आम्ही ठीक, म्हणजे मी ठीक. रूपाली जाऊन महिना होईल, पण ‘आम्ही’ लिहायची सवय जात नाही.

सोबत एक पान वाळवून पाठवतोय. फोनवरचा फोटो तू बघत नाहीस म्हणून. दसऱ्याला रूपालीने फाटकापाशी बी पेरलं होतं. डॉक्टरांनी हात टेकले होते आणि ही बाई खुरपं घेऊन बसलेली! म्हणाली, याला पाणी फारसं लागत नाही, जमिनीलगत पसरेल आणि थंडी सरताना फुलेल. नावही सांगितलं होतं, माझंच लक्ष नव्हतं. आता वाफा भरलाय. पण शाम माळी म्हणतो, साब, ये तो गाजर घास है, उखाड़ दो, आपको दमा है. ताई, हे तिचं असेल तर दम्यासकट सांभाळीन. तिच्या हातचं तेवढंच उरलंय. तू जन्मभर कॉलेजात वनस्पती शिकवल्यास, तू म्हणशील ते खरं.

आहे तो लोभ आटू देऊ नकोस.
तुझा मालोजी

ग्वाल्हेर
११ डिसेंबर २०२४

चि. मालोजीस अनेक आशीर्वाद.

गुडघा वयाला शोभेल असाच आहे. तू वेंधळा तो वेंधळाच. लहानपणी कोथिंबीर आणायला धाडलं की मुळ्याचा पाला घेऊन यायचास.

हे गाजर गवत. झेंडू-शेवंतीच्याच कुळातलं, पण त्या घरातलं वाया गेलेलं पोर. रूपालीचं बी उगवलंच नसणार. तिला पेरणं कधी जमलं? उपटणं मात्र छान जमायचं. फार पाणी पितात म्हणून माझे गुलाब तिने त्याच जागेवरून काढले होते, आठवतं ना? फुलायच्या आत सगळं मुळासकट काढ. तुझ्या दम्याची काळजी वाटते म्हणून इतकं लिहिलं.

मायेने विचारलंस, मायेने सांगितलं.
ताई

राजेंद्र नगर
२० डिसेंबर २०२४

ती. ताईस सा. नमस्कार.

काढलं. शामला हात लावू दिला नाही, हातमोजे घालून स्वतः बसलो. मुळं चिवट होती. सकाळी कचरागाडी गाणं वाजवत आली तेव्हा पिशव्या गील्या कचऱ्यात टाकल्या आणि आत येऊन खूप रडलो. तू वेळेवर सांगितलंस हे बरंच झालं. आता घर खायला उठतं. उन्हाळ्यात इकडेच ये ना राहायला.

वाट पाहतो, माया असू दे.
मालोजी

राजेंद्र नगर
९ मार्च २०२५

ती. ताईस नमस्कार.

शेजारच्या बेबीताईंनी काल गच्चीवर बोलावलं. म्हणाल्या, भिया, जरा इधर आओ, वहिनींचं वाण बघा. रूपालीने त्याच बियांची रोपं कुल्हडांत लावून संक्रांतीच्या वाणासाठी त्यांच्याकडे ठेवली होती म्हणे. ती गेली तरी बेबीताईंनी हळदीकुंकवाला रोपं वाटली. आता नारिंगी फुलं आलीत, उन्हात उघडतात, संध्याकाळी मिटतात. गझानिया नाव. पान हुबेहूब माझ्या वाफ्यातलं, खालून पांढरं.

इथून पार अन्नपूर्णा भागापर्यंत बायकांच्या दारात रूपाली फुलली आहे आणि माझ्या दारात माती. बेबीताई कुंडी देत होत्या. पण दिलेलं वाण परत कसं घ्यायचं? नको म्हणालो.

ताई, एवढंच लिही की तुझी नजर चुकली. वाळलेलं पान, कुणीही चुकेल. मी तेच खरं धरीन आणि पुन्हा हा विषय काढणार नाही.

हात जोडून मागतो.
मालोजी

ग्वाल्हेर
१७ मार्च २०२५

चि. मालोजीस आशीर्वाद.

नजर कशाने चुकेल? मोतीबिंदू काढून वर्ष झालं. पाकीट उघडताच पान उलटून पाहिलं. गाजर गवताला खालून अशी पांढरी लव नसते, हे माझ्या पहिल्या वर्षाच्या मुलींनाही ठाऊक असायचं.

माझे गुलाब निघाले, पाठोपाठ त्या घरातली माझी खोलीही गेली. तेव्हा तू व्हरांड्यात पेपर वाचत होतास. एक शब्द बोलला नाहीस, मीही मागितला नाही. आता तू मागतोस, पण चुकले असं मी लिहिणार नाही. ते तिने पेरलेलं आहे हे ओळखलं, म्हणूनच उपटायला सांगितलं.

उन्हाळ्यात येते. तब्येत सांभाळ, आणि बहिणीवर होती तेवढीच माया ठेव.
तुझी ताई