पिवळी अक्षरं

४ जून

चि. खटपट्यास,
अ. उ. आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. बायकोची खुशाली एका ओळीत आणि संगणकाची चार पानं, यावरून घरात कोण कुठे आहे ते कळलं. शिवाय तुझं अक्षर दिवसेंदिवस बारीक होत चाललंय. कागद वाचवतोस की काय?

डेस्कटॉपवरचे सगळे आयकॉन काढून टाकलेस म्हणजे आता तो लंकेची पार्वती झाला. एकाचे चार डेस्कटॉप केलेस, एक कामाचा, एक पत्रव्यवहाराचा, एक शब्दकोशांचा आणि चौथा कशाचा हे तुझं तुलाच सांगता येत नाहीये. हात उचलण्यात वेळ जातो म्हणून माऊस खणात टाकलास. वाचलेल्या वेळात करतोस काय, तर आणखी वेळ वाचवण्याची तजवीज. पाण्याच्या पंपांचं ते माहितीपुस्तक अनुवादाला घेतलं होतंस, ते कुठवर आलं याबद्दल मात्र चार पानांत अवाक्षर नाही. रोज सुरीला धार लावत बसणाऱ्याच्या घरी भाजी कधी चिरली जात नाही, बाबा.

आमच्या प्रकाशनात नवे संपादक आलेत. वयानं तुझ्याहून लहान आणि बोलण्यात आपल्या आजोबांहून थोर. मागच्या महिन्यात एका स्मरणिकेत 'दुःखद निधन'च्या जागी 'सुखद निधन' छापून गेलं. ज्यांचे वडील गेले ते गृहस्थ स्वतः येऊन बसले होते. प्रुफं मीच तपासली होती, पण अक्षरजुळणीवाल्यानं लक्ष द्यायला नको? मी त्याला चांगलं फैलावर घेतलं. हल्ली शाई फिकी वापरतात, दिवेही पूर्वीसारखे राहिले नाहीत. संपादकांनी मला केबिनमध्ये बोलावून, फार आदरानं, निवृत्तीनंतरचे बेत विचारले. निवृत्तीला अजून अवकाश आहे हे त्यांना ठाऊक असूनही.

वहिनीला माझी आठवण सांग, कीबोर्डावरून बोटं उचलायला वेळ झाला तर.

तुझी
ताई


१६ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझे टोमणे पोचले, पोटभर जेवलो. आता माझं ऐक.

तू मला सुरीची धार शिकवतेस, पण तुझा संगणक मी पाहिलाय. कंपनीनं खोक्यातून काढून दिला तसाच्या तसा. पडद्यावर फायली अशा पसरलेल्या की जत्रेत हरवलेली पोरं. 'नवीन', 'नवीन खरी', 'शेवटची', 'शेवटची खरी' आणि 'ही उघडू नये'. एक शब्द शोधायला तू वरपासून खालपर्यंत सगळं पुस्तक सरकवत जातेस. शोधाची सोय असते हे सांगितलं, तर म्हणालीस की आपण काही चोर शोधत नाही. पडद्यावर आलेला मजकूर कागदावर छापायचा, कागदावर लाल खुणा करायच्या आणि मग जुळणीवाल्यानं त्या खुणा बघून पुन्हा पडद्यावर दुरुस्त करायचं. याला आमच्याकडे द्राविडी प्राणायाम म्हणतात, तुमच्याकडे परंपरा म्हणत असतील.

पंपांचं पुस्तक होतंय. पाया पक्का झाला की इमारतीला वेळ लागत नाही.

पुढल्या आठवड्यात कामासाठी तुझ्याकडे येतोय. एका दुपारी तुझ्या ऑफिसात येऊन तुझा संगणक माणसात आणतो. संपादकांना सांगून ठेव की भाऊ येतोय, आग विझवणारा नाही.

माया आहे तेवढी ठेव, वाढवलीस तर टोमणेही वाढतील.

तुझा
खटपट्या


३ जुलै

चि. खटपट्यास,
आशीर्वाद, पण या वेळी हात आखडता घेऊन.

तू आलास, राहिलास, आनंद झाला. आता माझा संगणक होता तसा कसा करायचा ते कळव.

पडदा काळा आणि त्यावर पिवळी अक्षरं, तीही बशीएवढाली. अख्ख्या ऑफिसला लांबून वाचता येतात. शेजारच्या टेबलावरच्या हिशेबनिसानं विचारलं की ताईंच्या पडद्यावर रिक्षा उभी आहे का. कर्सर एवढा जाड केलास की तो ओळीतून सरकताना पहारेकरी फिरल्यासारखा वाटतो. आणि त्यावर कडी म्हणजे पडद्यावरचं मोठ्यानं वाचणारी ती संगणकातली बाई. चुकून कुठलं तरी बटण दाबलं गेलं आणि सर्दी झालेल्या आवाजात तिनं एका कवितासंग्रहाची अर्पणपत्रिका खणखणीत वाचून दाखवली. संपादक केबिनमधून बाहेर आले. मी म्हटलं, भाऊ आला होता. त्यांनी मान डोलावली, जशी आजारी माणसाच्या नातेवाइकांपुढे डोलावतात.

माझी मांडणी मला पुरेशी होती. ज्याचं त्यानं बघावं. तुझ्या घरी चार डेस्कटॉप आहेत, त्यातल्या रिकाम्यावर जाऊन हवे ते प्रयोग कर.

रागावूनही तुझीच,
ताई


११ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

या पत्रात थट्टा नाही.

तुझा संगणक सजवायला मी आलो होतो, हे खरं. पण पहिल्या सकाळी तू चहा ओतलास तो कपाच्या शेजारी आणि कप सरकला असं म्हणून पुसून घेतलास. पेपर वाचताना तू मान तिरकी करून, कोंबडी दाणा बघते तशी, एका बाजूनं बघत होतीस. रस्त्यात तुझी जुनी मैत्रीण समोरून आली, ती बोलेपर्यंत तू तिला ओळखलं नाहीस आणि मग तिनं केस कापले म्हणून तिलाच बोललीस. ऑफिसात तुझ्या खुर्चीच्या मागे उभा राहून मी पाहिलं, तू शब्द वाचत नव्हतीस. शब्दाची दोन्ही टोकं बघून मधलं ओळखत होतीस. इतकी वर्षं हेच काम केल्यामुळे ते बहुतेकदा बरोबर येतं. 'सुखद निधन'च्या वेळी आलं नाही.

म्हणून पडदा काळा केला आणि अक्षरं मोठी केली. ती बाई चुकून बोलली नाही, मीच बसवून आलो होतो. तुला समोर सांगायची हिंमत झाली नाही, कारण तुझ्यासमोर मी अजून नापास झालेला धाकटाच असतो.

जुळणीवाल्याची चूक नव्हती. हे तुलाही ठाऊक असावं असं मला वाटतं.

डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. मी कुणाला काही बोललेलो नाही, संपादकांनाही नाही. पण तू गेली नाहीस तर मी येऊन तुला हाताला धरून नेईन आणि ते तुला मुळीच आवडणार नाही.

खटपट्या


२९ जुलै

ती. वन्संना,
सा. न. वि. वि.

हे पत्र एवढ्या मोठ्या टायपात का, हे विचारू नका. घरात हुकूम आहे.

तुमचं उत्तर नाही, म्हणून हे घरभर येरझाऱ्या घालतात. मी खोदून विचारलं तेव्हा तुमच्या डोळ्यांचं सांगितलं. जुन्या चष्म्याच्या काचांवर काळ्या कागदाचे गोल चिकटवलेत, बरोबर मध्यभागी. तो चष्मा लावून संगणकापुढे बसतात आणि बाजूबाजूनं बघत काम करायचा प्रयत्न करतात. कुठली अक्षरं दिसतात, कुठलं बटण न बघता सापडतं, हे सगळं तुमच्यासाठी. तोच चष्मा लावून परवा स्वयंपाकघरात आले आणि दुधाचं भांडं पालथं केलं. मी काही बोलले नाही. आमच्या संसारात मी काही बोलले नाही असे प्रसंग मोजकेच आहेत.

पंपांचं पुस्तक काढून घेतलं त्या लोकांनी. मुदत केव्हाच उलटली होती. त्याचा दोष तुमच्यावर नाही. तुमच्या डोळ्यांच्या आधीपासून यांची इमारत पायातच होती. मध्यंतरी यांनी पंपांच्या पुस्तकातल्या शब्दांसाठी लघुरूपांची सोय केली, दोन अक्षरं लिहिली की पूर्ण शब्द उमटतो. माझ्या आईला मेल केला, 'सौ. मजेत आहे', तो गेला 'सौम्य पोलादी दांडा मजेत आहे' असा. आईनं फोन करून विचारलं की हा दांडा कोण. मी म्हटलं, मीच ती.

पण वन्सं, तुमच्यासाठीची मांडणी मात्र यांनी पुरी केली. सुरू केलेलं काम शेवटाला नेताना मी यांना पहिल्यांदा पाहिलं. सोबत कागद जोडलाय, कुठलं बटण कशाला ते. ठळक अक्षरात.

तुम्ही डॉक्टरकडे गेला असाल तर एवढंच कळवा. आमच्यावर रुसायचं असेल तर नंतर सवडीनं रुसा.

तुमची भावजय


२४ ऑगस्ट

चि. खटपट्यास आणि सौम्य पोलादी दांड्यास,
अ. उ. आशीर्वाद.

डॉक्टरकडे गेले. नजरेचा मधला भाग जातो आहे, गेलेला परत येणार नाही, कडा राहतील असं म्हणाले. मी विचारलं, मुद्रितशोधकाला कडांचा काय उपयोग. त्यांनी विचारलं, मुद्रितशोधक म्हणजे काय. तिथेच आमचं बोलणं संपलं. तपासण्या चालू आहेत.

जुळणीवाल्याची माफी मागितली. तो म्हणाला, मला माहीत होतं. मग मला जास्त राग आला.

संपादकांना मीच जाऊन सांगितलं. त्यांनी पुन्हा निवृत्तीनंतरचे बेत विचारले. मी म्हटलं, आधी एक पुस्तक द्या, कागदावर नाही, पडद्यावर. त्यांनी स्वतःचंच दिलं, प्रस्तावनेसकट. बशीएवढ्या अक्षरांत ऱ्हस्वदीर्घ बघितले, कारण ते त्या बाईला कळत नाहीत. 'दिन' आणि 'दीन' तिला सारखेच. मग डोळे मिटून तिच्याकडून सगळं वाचून घेतलं. डोळा थकला की दयाळू होतो, ती बाई होत नाही. प्रस्तावनेत 'साहित्य हा समाजाचा श्वास आहे' हे वाक्य तीन वेगवेगळ्या पानांवर होतं. संपादकांनी आणि आणखी दोघांनी ते तपासलं होतं. तिसऱ्यांदा तिनं सर्दीच्या आवाजात तो श्वास घेतला तेव्हा हिशेबनीस उठून बाहेर गेला.

सगळं काही जिंकले असं समजू नकोस. कागदावरची प्रुफं आता दुसरी मुलगी बघते, चांगली बघते आणि त्याचं वाईट वाटतं. पडद्यावरची पुस्तकं माझ्याकडे आहेत. वर्षअखेरीला पुन्हा बघू, असं संपादक म्हणालेत. कर्सर आणखी जाड करून दे.

पंपांचं गेलं ते बरं झालं असं मी म्हणणार नाही, वाईटच झालं. दुसरं काम घे आणि या वेळी धार न लावता चिरायला बस.

आता एक सांगते. तुझं ते जुलैचं पत्र मला वाचता आलं नाही. दिव्याखाली धरलं, खिडकीशी धरलं, तिरकं धरलं, तुझं अक्षर हाती लागेना. शेवटी शेजारणीकडे नेलं. तिनं चष्मा पुसून, घसा साफ करून, तिच्या घरच्यांसमोर मोठ्यानं वाचलं. कोंबडीसकट. मला काय झालंय ते मला असं कळलं आणि त्यानंतर तिनं मला चहा घेऊन जा म्हणून आग्रह केला. मी बसून चहा घेतला. दुसरं काय करणार होते?

म्हणून उत्तराला उशीर झाला. यापुढे हातानं लिहू नकोस, मेल कर. त्या बाईचा आवाज कानात घालायला तार मिळते म्हणे, ती पाठव. तुला मला जे काय बोलायचंय ते बोल, पण मला एकटीला ऐकू दे.

तुझी
ताई