माझी फियाट आणि रहीमभाईंची हत्यारपेटी

मी, श्रीमती शोभा काशिराम घरत, वय बहात्तर, निवृत्त शाळा-लिपिक, राहणार पनवेल, पूर्ण शुद्धीवर असताना, कोणाच्याही दडपणाशिवाय माझी शेवटची इच्छा स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. रक्तदाब गोळीने आटोक्यात आहे. वकील प्राची भगत यांनी मसुदा दिला होता. तो फार कोरडा वाटला, म्हणून वाढवला.

१. माझे राहते घर व बँकेतील ठेव माझा एकुलता एक मुलगा हरेश याला मिळावी. पाटल्या सून दिपिका हिला. यात वादाचे काही नाही.

२. फियाट गाडी. मिठागराच्या जमिनीचा मोबदला आला तेव्हा, १९९४ साली, माझे पती काशिराम यांनी ती घेतली. मला चालवायलाही त्यांनीच शिकवले. २००९ साली ते गेले. वर्षभर गाडी दारात उभी होती. मी बाहेर काढली त्याच दिवशी कर्नाळ्याच्या अलीकडे ती तापून बंद पडली. टोचन करून रहीम नाखवा यांच्या गॅरेजात नेली.

रहीमभाई वीस वर्षे कुवेतला मेकॅनिक होते. परत येऊन गॅरेज टाकले, पण तोवर हातांना कंप सुटला होता. बॉनेट उघडून पाहिल्यावर त्यांनी गाडी दुसरीकडे न्यायला सांगितले. मी हलले नाही. तेव्हा ते म्हणाले, "शोभाताई, काय बिघडलंय ते मला कळतं, पण हात ऐकत नाहीत. तुम्ही पाना धरा, मी सांगतो."

फुटलेला पाण्याचा पाइप बदलायला मला तीन तास लागले. गाडी सुरू झाली तेव्हा मी पदराला हात पुसले आणि रडले. पती गेल्यापासून माझ्या हातून काही नीट झाले, ते पहिलेच.

पुढे दर शनिवारी आम्ही दोघे त्या गाडीपाशी असू. कार्बोरेटर, प्लग, क्लचची तार, सगळे ते सांगत गेले, मी करत गेले. ब्रेकमधली हवा काढायला दोन माणसे लागतात. ते आत बसून पायाने पेडल दाबत, मी चाकाशी बसून नट सैल करी. माझे दीर तुळशीराम खास बेलपाड्याहून आले आणि म्हणाले, "वयनी, बरा नाय दिसत." मी त्यांना चहा दिला आणि परत गाडीखाली गेले. ते आता हयात नाहीत, म्हणून ही तक्रार येथेच रद्द करते.

३. हरेशबद्दल. २०१८ साली जॅक घसरला. आधाराची घोडी न लावता मी खाली शिरले होते, चूक माझीच. खांद्याचे हाड मोडले. मी जासईला बहिणीकडे, वेणूकडे, पडून असताना हरेशने भंगारवाला बोलावला. रहीमभाईंना कळताच ते रिक्षाने आले आणि गाडीत जाऊन बसले. सकाळी दहापासून मी निरोप मिळून पोहोचेपर्यंत, म्हणजे तीनपर्यंत, ते उतरले नाहीत. हरेशला इतकेच म्हणाले, "तुझ्या आईला येऊ दे. ती 'ने' म्हणाली, तर मी उतरतो."

मी भंगारवाल्याला परत पाठवले. हरेश म्हणाला, "आई, जॅक घसरल्याचा फोन आला तेव्हा मला वाटलं, तूपण गेलीस."

मी ते ऐकून घेतले नाही. त्याला माझी लाज वाटते, असे धरून आठ महिने मी त्याच्याशी धड बोलले नाही. तो घाबरला होता, हे मला उशिरा समजले. त्याबद्दल मी येथे त्याची माफी मागते, कारण तोंडाने जमले नाही. आता पेडल तोच दाबतो. गाडी त्याला द्यावी. ठेवावी किंवा विकावी, माझा राग नाही. मात्र घोडी लावल्याशिवाय खाली जाऊ नये.

४. हत्यारपेटी. गॅरेज बंद केले तेव्हा रहीमभाईंनी ती माझ्या दारात आणून ठेवली. मसुद्यात मी ती त्यांनाच परत लिहिली होती. त्यांनी तो वाचला आणि वकीलबाईंना विचारले, साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळते का? त्या नाही म्हणाल्या. "मग साक्षीदार मी," ते म्हणाले. मी पुष्कळ वाद घातला. शेवटी म्हणाले, "ताई, मला मिळायचं ते मिळालंय. हात गेल्यावर पंधरा वर्षं मी मिस्त्री राहिलो."

दुसऱ्या दिवशी मी वकीलबाईंकडे एकटी गेले. कायदा साक्षीदाराला आणि त्याच्या पत्नीला अडवतो, मुलीला नाही. सबब ती पेटी, सर्व पान्यांसह, रहीमभाईंची मुलगी कुबरा हिला द्यावी. ती स्कूटरचे ब्रेक स्वतः बसवते.

५. या इच्छेची अंमलबजावणी वकील प्राची भगत यांनी करावी. रहीमभाईंनी सहीआधी कलम चार नीट वाचावे. चष्मा घरी राहिला असेल, तर मी मोठ्याने वाचून दाखवीन.

स्थळ : पनवेल
दिनांक : १५ नोव्हेंबर २०२५

(सही) शोभा काशिराम घरत

आम्हा दोघांसमक्ष सही झाली :
१. (सही) रहीम इब्राहिम नाखवा. वाचले. हरलो.
२. (सही) भामा विश्वजीत म्हात्रे, शेजारीण