इमरिखबद्दल चार ओळी

७ फेब्रुवारी १९७२, सोमवार

तो सारखा हसत होता. तेच भयंकर! दरडावला असता तर मीही आवाज चढवला असता — वीस वर्षं रंगमंचावर तेच केलंय. पण हा कुबिश कॅफेत माझा कोट स्वतः खुंटीला अडकवतो, कॉफी आणि क्रीमचा बन मागवतो आणि म्हणतो, "ओतीलियाबाई, माझी बायको तुमच्या गाण्यांवर जीव टाकते हो!"

मग खिशातून ओळखपत्र. नुसतं दाखवलं, परत ठेवलं. गृहखातं.

हवं काय, तर माझ्यासोबत पियानो वाजवणाऱ्या इमरिखबद्दल चार ओळी. महिन्यातून एकदा. कोणाला भेटतो, काय बोलतो, सीमेपलीकडून पत्रं येतात का. "वाईट काही नको. तुम्हाला दिसेल तेवढंच." आणि या भेटीबद्दल कुठे बोलायचं नाही.

"विचार करते" म्हणाले. नाही का म्हणाले नाही? बनसुद्धा खाल्ला मी. अख्खा!

८ फेब्रुवारी

कोणालाच सांगितलेलं नाही.

१५ फेब्रुवारी

तालमीत इमरिखनं पियानोचं झाकण आपटलं. "ओत्का, श्वास भलत्याच जागी घेतेस. कोणी मागे लागलंय का तुझ्या?"

थंडी बाधली म्हणाले.

सोळा वर्षं हा माणूस माझ्या डाव्या हाताला पियानोवर बसलाय. मी खाणीच्या गावातून आलेली पोर. नाटकात ट्रे घेऊन येणाऱ्या मोलकरणीच करत होते. तोच म्हणाला होता, "तुझा आवाज गाण्याचा नाही, सांगण्याचा आहे. तू शान्सों गा, ती गोष्ट सांगणारी फ्रेंच धाटणीची गाणी." त्यानं चाली बांधल्या. आमच्या तळघरातल्या थिएटरात दीडशे खुर्च्या भरायला लागल्या. मग रेडिओ, मग सिनेमे. नवरा आला आणि गेलाही. इमरिख राहिला.

आज त्याच्याकडे सरळ बघता येईना.

१ मार्च

तोच कॅफे, तीच खिडकी. या वेळी कुबिशनं नेलीचं नाव काढलं.

माझी नेली — कोर्नेलिया — अठराची झाली. लहानपणापासून डॉक्टर व्हायचंय तिला. "हुशार मुलगी," तो म्हणाला. "पण बाप अडुसष्टमध्ये सीमेपलीकडे, व्हिएन्नाला पळालेला. मेडिकलच्या अर्जावर ते दिसतंच ना, बाई! कोणीतरी शब्द टाकायला हवा." साखर ढवळत होता, चमचा कपाला न लावता. जराही आवाज नाही.

तेवीस तारखेपर्यंत मुदत मागून घेतली.

९ मार्च

फोन वाजला की दचकते. आज ट्राममध्ये मागे राखाडी टोपीवाला बसला, तर दोन थांबे आधीच उतरले. चिखलातून चालत आले. ट्राम पुढे गेली तेव्हा बघते तर तो खिडकीला डोकं टेकून घोरतोय! वेडी व्हायची वेळ आली.

नेलीनं लिंडनच्या फुलांचा चहा केला, मध घालून. "आई, डोळे केवढे ओढलेत तुझे." मग आतल्या खोलीत हाडांची नावं मोठ्यानं पाठ करत बसली. मी भिंतीआडून ऐकत होते आणि मनात येत होतं — चारच ओळी! इमरिखबद्दल लिहिण्यासारखं आहे तरी काय? बिअर पितो आणि मंत्र्यांच्या नकला करतो.

मंत्र्यांच्या नकला.

पाहा, एक ओळ झालीसुद्धा.

१६ मार्च

प्रयोगात दुसऱ्या गाण्याचं शेवटचं कडवं आठवेना. तिसऱ्या रांगेत कुबिश बसला होता! शेजारी बायको, गुबगुबीत, डोळे मिटून डोलणारी. म्हणजे तेवढं खरं होतं तर.

इमरिख तेच चार सूर घोळवत राहिला, मला शब्द सापडेपर्यंत. लोकांना वाटलं, गाणंच तसं आहे. विंगेत म्हणाला, "म्हातारी झालीस," आणि घाम पुसायला स्वतःचा रुमाल दिला.

या माणसावर लिहू?

२२ मार्च

सांगून टाकलं!

रंगभूषेच्या खोलीत, प्रयोगाआधी. ठरवलं नव्हतं मुळीच. आमचे पोशाख सांभाळणारी गिझेलामावशी माझ्या पाठीची हुकं लावत होती. "अगं, किती वाळलीस! तिसऱ्यांदा आत घेतेय हा झगा. प्रेमात पडलीस की काय या वयात?" इमरिख होता, दोघे प्रकाशवाले होते, तिकीटवाली होती. तोंडातून निघूनच गेलं — "मला इमरिखवर लिहून द्यायला सांगितलंय. गृहखात्याचा माणूस. कुबिश नाव. उद्या साडेदहाला उत्तर द्यायचंय."

एक प्रकाशवाला हळूच बाहेर सटकला.

"अरे देवा!" मावशी म्हणाली. "दार तरी लावायचंस, बये!"

इमरिखनं सिगारेट उलटीकडून पेटवली. मग म्हणाला, "झालं. आता तू त्यांच्या कामाची राहिली नाहीस. बोंब मारणारा हेर कोणाला हवाय?" हसला. हसता हसता डोळे पुसायला लागला.

गायले मग. कित्येक आठवड्यांत अशी गायले नव्हते.

२३ मार्च

कुबिशला आधीच कळलेलं. आज हसला नाही. कॉफी नाही. "ओतीलियाबाई, स्वतःचं नुकसान करून घेतलंत. आणि मुलीचंही."

कॅफेच्या जिन्यात कठडा धरून पायरीवरच बसले. 

संध्याकाळी नेलीला सगळं सांगितलं. बटाटे सोलत होती. मान वर केली नाही. एवढंच म्हणाली, "मग आता तू गाणार नाहीस?" स्वतःबद्दल एक शब्द नाही!

३ एप्रिल, ईस्टरचा सोमवार

दरवर्षी आज, ईस्टरच्या रीतीप्रमाणे, सकाळी सातपासून पुरुषमंडळी बादल्या घेऊन आम्हा बायकांना भिजवायला हजर. अर्धं थिएटर यायचं. मी अंडी रंगवली, खसखशीचे रोल केले, ग्लास मांडले.

अकरा वाजता इमरिख आला. एकटाच. चहाच्या पेल्यातलं पाणी माझ्या डोक्यावर ओतलं आणि म्हणाला, "जास्त रोल उरले म्हणून रडू नकोस. मी खातो."

शेजारच्यांनी त्याला जिन्यात पाहिलं आणि दार लावून घेतलं.

७ एप्रिल

पोस्टरवरून नाव गेलं. संचालक म्हणाले, "तात्पुरतं." कागदावरची नजर न उचलता. रेडिओवर माझी गाणी लागत नाहीत. इमरिखलाही काढलं. आता एका हॉटेलात जेवणाऱ्यांसाठी वाजवतो. मला मावशीच्या हाताखाली घेतलंय. बटणं लावते. इस्त्री करते. भिंतीपलीकडे दुसरीच कोणी गाते, तेव्हा इस्त्री तशीच हातात राहते.

३० मे

नेलीची प्रवेशपरीक्षा पुढच्या आठवड्यात. कुबिशचं ते वाक्य डोक्यातून जात नाही. आणि मुलीचंही. आणि मुलीचंही. पोरीच्या आयुष्यावर पाय दिला का मी?

तिच्याशी बोलायला गेले तर म्हणते, "आई, पुरे ना!"

७ जुलै

निवड झाली! मेडिकलला! पाकीट इतक्या घाईनं फोडलं की पत्र अर्धं फाटलं. "निवड झाली आहे" — शिक्का, सही, सगळं. इमरिखला हॉटेलात जाऊन सांगितलं. त्यानं तिथेच, सूप पिणाऱ्या लोकांसमोर, लग्नातली धून वाजवली.

नेली मात्र हसली नाही. पत्र घडी करून पुस्तकात ठेवलं.

९ जुलै

कसं काय पण? तिच्यासोबतच्या दोन मुली, बाप पळालेल्या — दोघींनाही नकार. गुण सारखेच. मावशी म्हणते, "मिळालंय ना? मग देवाला प्रश्न विचारू नये."

विचारत नाही.

११ जुलै

आज नेलीनं स्वतःच सांगितलं. मार्चअखेरीला कुबिशनं तिला शाळेबाहेर गाठलं होतं. "मी हो म्हटलं, आई. प्रवेशासाठी पण. आणि मला वाटलं, तुला परत गाऊ देतील."

"कोणाबद्दल लिहितेस?"

"तुझ्याबद्दल."

रडत होती. जवळ घेतलं तिला, खूप वेळ. मग ती पाव आणायला खाली गेली आणि मी या वहीची जागा बदलली.