बोडीची वाटणी

साकोली,
९ मे १९८२

ती. पंचफुलाताईस भैय्यालालचा सप्रेम जयभीम. वि. वि. इकडे आईसह आम्ही सारे बरे आहोत. तुझा गुडघा काय म्हणतो ते न लपवता कळव.

ताई, जमीन झाली! काल मी आणि घनश्याम रजिस्ट्री करून आलो. हायवेला लागून असलेला तोच तुकडा, धानाला पाणी देणाऱ्या त्या बोडीच्या तळ्यासकट. घरी न जाता आधी तिथे गेलो. रणरणत्या उन्हात चपला काढून उभा राहिलो, तर पाय भाजतायत हेसुद्धा कळेना. आपल्या घराण्यात कोणाच्या नावावर हातभर माती नव्हती, आणि आता तुझं-माझं नाव सातबाऱ्यावर चढणार! घनश्याम मला हसत होता. त्याच्या बापजाद्यांचं धानाचं दुकान, त्याला या गोष्टीचं काय नवल?

अर्धा वाटा आपला, अर्धा त्याचा. बोडीत सध्या थेंब नाही, तळाला भेगा पडल्यात. ती मुरूम टाकून बुजवायची, बिगरशेतीची परवानगी काढायची आणि प्लॉट पाडायचे. बोडीच्या जागेवरचा रस्त्याकडचा प्लॉट तुझा. पुढच्या वर्षी तू रिटायर झालीस की दवाखान्याचं क्वार्टर सोडावं लागेल, तेव्हा थेट स्वतःच्या घरात यायचं. आईने आत्तापासून तुझ्या अंगणात तुळस लावायची की मोगरा यावर सुनेशी वाद सुरू केला आहे.

तुझा,
भैय्यालाल

नाकाडोंगरी,
१७ मे १९८२

चि. भैय्यालाल यास अनेक आशीर्वाद. जयभीम.

तुझं पत्र तीनदा वाचलं. ड्युटीवरून येऊन पुन्हा वाचलं. आपली जमीन! आईला माझ्या वतीने मिठी मार, आणि मोगराच लाव म्हणावं.

आता बाबा, मोठी बहीण म्हणून थोडी कटकट. तू आणि घनश्याम शाळेपासून एका ताटात जेवता हे मला ठाऊक आहे. पण तुमच्यात लेखी काय आहे? उद्या तुमच्यातल्या एकाला काही झालं तर त्याच्या बायकोपोरांचा हिस्सा कोणता? एकाला विकायचं असेल तर आधी दुसऱ्याला विचारायचं की नाही? परवानगी मिळालीच नाही तर नुकसान कोणाचं? मी ओळखीतली बाई बाळंतपणाला आली तरी आधी सगळं विचारून घेते, तिथे मैत्री चालत नाही. स्टॅम्प पेपरवर भागीदारीचा लेख करून घ्या. त्यात हे नक्की घाल, की दुसऱ्याच्या संमतीशिवाय कोणी जमिनीत काहीही करायचं नाही. तुला मागायची लाज वाटत असेल तर माझं नाव सांग. म्हातारी खट आहे म्हणावं.

आशीर्वाद आहेतच. पत्राला उशीर करू नकोस.

तुझी,
ताई

साकोली,
६ ऑक्टोबर १९८२

ती. ताईस सप्रेम जयभीम.

हे पत्र लिहायला हात धजत नव्हता. तुझं घर मी घालवलं आहे. सगळं ऐकून घे, मग हवं ते बोल.

तुझ्या सांगण्यावरून लेख झालाच होता. परवानगी अडकली, तोवर पावसाने बोडी भरली. मग पाऊस जो गेला तो आलाच नाही. बोडीखालच्या शेतांमधल्या बांध्यांतला धान निसवायला, लोंब्या धरायला आलेला आणि जमीन कोरडी. काल उजाडता त्या बांध्यांचे मोठे मालक श्यामराव दहा-बारा शेतकऱ्यांना घेऊन दारात उभे. इथली रीत अशी, की बोडीच्या पारेवर, मातीच्या बांधावर, पहिली कुदळ मालकाने मारायची. मग पाणी सगळ्यांत शेवटच्या बांधीला आधी जातं आणि पाळीपाळीने वर येतं. मी म्हटलं, तुम्हीच फोडा. तर श्यामराव म्हणाले, असं कसं होते भाऊ, बोडी तुमची, तुमच्या हाताबिगर पानी कसं सुटन? ताई, ज्यांच्या उंबऱ्याच्या आत आपल्याला कधी घेतलं नाही ते श्यामराव मला असं म्हणत होते!

पण भंडाऱ्याच्या वकिलांनी आम्हाला आधीच बजावलं होतं, की मालकाने स्वतः पाणी दिलं म्हणजे शेतकऱ्यांचा हक्क मान्य केला, मग बोडी बुजवणं विसरा. मी घनश्यामकडे धावलो. तो म्हणाला, कायले घाबरून राहिला, दोन दिवस घरात बसून राह्य. मला ते जमेना. शेवटी तो चिडून म्हणाला, मग बोडी तुझ्या वाट्याले घे, सपाट जागा माझी. मी हो म्हटलं. तुला न विचारता. त्याचं एक मात्र मानलं पाहिजे, रागात असूनही तो पारेवर आला आणि सगळ्यांसमोर संमती दिली.

माणसं पारेवर माझी वाट पाहत बसून होती. कोणी पाण्याला बोटसुद्धा लावलं नव्हतं. मी कुदळ मारली, माती सुटली आणि पाणी निघालं. आम्ही सगळे त्याच्या बरोबरीने चालत गेलो. जवळच्या तहानलेल्या बांध्या सोडून ते पार शेवटच्या बांधीत शिरलं, आणि कोणीही वाटेत अडवलं नाही. असं काही मी जन्मात पाहिलं नव्हतं. माझ्या डोळ्यांना धार लागली होती. आईलाही नेलं होतं. पण ती वरच उभी राहिली, कितीही बोलावलं तरी पाण्याजवळ उतरली नाही. का, ते सांगतही नाही.

तू कुठे राहशील आता? तुला काय तोंड दाखवू?

तुझा अपराधी,
भैय्यालाल

नाकाडोंगरी,
१२ ऑक्टोबर १९८२

चि. भैय्यालाल यास आशीर्वाद.

अर्धं पत्र वाचून मी तुला मनसोक्त शिव्या दिल्या. त्या घराच्या खिडक्यासुद्धा मी ठरवल्या होत्या. खोटं कशाला सांगू, रडले.

मग पुढचं वाचलं. तू तेव्हा जन्मला नव्हतास, म्हणून तुला आईचं कळलं नाही. मी सात-आठ वर्षांची होते. आई त्याच बांध्यांमध्ये रोवणीला जायची. दिवसभर चिखलात वाकून तहान लागली की त्या पारेखाली ओंजळ धरून बसायची. कोणाला सवड झाली तर वरून पाणी ओतायचे. कधी ओतायचे, कधी विसरायचे. बोडी भरलेली असायची, पण तिला शिवायची बंदी, आणि आम्ही दोघी खाली बसून असायचो. त्या दिवशी तिचे पाय उतरले नाहीत ते त्यामुळे. आणि त्या पाण्यासाठी गाव तुझ्या दारात येऊन थांबलं! हे वाचताना मी भिंतीला टेकून खाली बसले, बाबा.

माझी काळजी करू नकोस. साकोलीत भाड्याची खोली मिळेल. आणि तुला शिक्षा हवीच असेल तर ही घे. वाटणीचा लेख करशील तेव्हा बोडी तुझ्या-माझ्या नावावर ठेवू नकोस. आपल्या आईच्या, बायजाबाईच्या नावावर कर. तिला सही येत नाही, पण अंगठा चालतो, मी विचारून घेतलं आहे. पुढच्या साली धान निसवायला आला की श्यामरावांनी तिला बोलवायला यायचं. ती येईपर्यंत सगळ्यांनी पारेवर बसून राहायचं.

माया आहे तशीच ठेव.

तुझी,
ताई