दाढेकडे नुसतं बघणे

३ फेब्रुवारी, सोमवार
खालची उजवी दाढ ठणकतेय. चावायला तेवढी एकच उरलीय. ती गेली की बाकीचा जन्म वरणभात. दातांची डॉक्टरीण म्हणाली, काढावी लागेल. म्हटलं, बघू. घाबरलो नाही. घाई आवडत नाही एवढंच.

४ फेब्रुवारी, मंगळवार
सोसायटीच्या हॉलमध्ये सुश्रुत नावाचा पोरगा वर्ग घेतो. तिकडे गेलेलो. डोळे मिटून शरीरात काय होतंय ते नुसतं बघायचं. बाकी शरीर आपलं आपण सुधारतं म्हणे. सुई नाही, हत्यार नाही. त्यासाठी नाही गेलो, विचार पटला म्हणून गेलो. वीस मिनिटं सांगितलीत, मी आठात उरकलं. उदबत्ती बंद करायला लावली. शिंका येतात.

५ फेब्रुवारी, सकाळी ६
टाच ठीक. गुडघा ठीक. पोट ठीक, थोडा गॅस. दाढ – ठणका. मी त्याच्याकडे बघितलं. तो माझ्याकडे बघत होता.

६ फेब्रुवारी, गुरुवार
एमआयडीसीत एकतीस वर्षं फिटर होतो. पंप बिघडला की स्क्रूड्रायव्हरचं टोक पंपावर, मूठ कानाला. कुठलं बेअरिंग गेलंय ते लगेच कळायचं. आज टोक दाढेला लावलं. मूठ कानाला पोचेना, म्हणून मान वाकवली. तेवढ्यात मंदाने मागून विचारलं, काय करताय? दचकलो, टोक दाढेत रुतलं. पुढे अर्धा तास जाणीवच जाणीव.
मंदा म्हणाली, अहो, बेअरिंग गेलं की तुम्ही त्याच्याकडे बघत बसायचात का? काढूनच टाकायचात ना?
बायकांना मशिनरी कळत नाही.

९ फेब्रुवारी, रविवार
ठणका कमी. पद्धत लागू पडली. खालच्या मजल्यावरच्या पोपटचा दात दुखत होता, त्याला शुक्रवारी मीच शिकवलं. आज हसत आला. एकदम बरा. सुश्रुतला सांगितलं, वर्ग माझ्याकडे दे, तू उगाच वेळ काढतोस. जेवायला मटण. हिरडीने चावलं. जाणीवपूर्वक.

११ फेब्रुवारी, मंगळवार
पोपटने शनिवारीच रूट कॅनल करून घेतलेलं. मला वाईट वाटेल म्हणून बोलला नाही. हलकट.
माझा गाल भरलाय. तब्येत सुधारतेय. नात संचिता म्हणाली, आजोबा, एकाच बाजूने सुधारलात.

१३ फेब्रुवारी, गुरुवार
अंगात ताप. सुश्रुत म्हणाला, काका, आजच डॉक्टरकडे जा. म्हटलं, नुसतं बघायचं ना? म्हणाला, बघून झालंय की आता. शिष्य पुढे गेलेला यांना सोसत नाही.

१४ फेब्रुवारी, सकाळी ११
मंदा आणि संचिताने धरून रिक्षात घातलं. दवाखान्यात खुर्ची मागे गेली तसा ओरडलो. डॉक्टरीण म्हणाली, आजोबा, मी अजून हात लावलेला नाही. मग सुई. मग विचारलं, काही जाणवतंय का? जीभ, ओठ, अर्धा गाल, कशाचा पत्ता नाही. दाढ काढलेली ट्रेमध्ये दाखवली तेव्हा कळलं.

दुपारी १
अजून काही म्हणजे काही जाणवत नाही. अकरा दिवसांत इतकं बरं वाटलं नव्हतं. निघताना डॉक्टरिणीला विचारलं, हे किती दिवस टिकतं? म्हणाली, दोन-तीन तास.
घड्याळ समोर ठेवून बसलोय. कुणाशी बोलत नाही. अजून पन्नास मिनिटं आहेत.