पाठमोऱ्या ओळीबद्दल तक्रार

देवास,
ज्येष्ठ वद्य पंचमी

तीर्थस्वरूप सुभद्राअक्कांच्या चरणी, तुमच्या धाकट्या बहिणीचा नवरा यशवंतराव याचा देवासहून दंडवत. डावा गुडघा सोडला तर इकडे सगळं ठीक आहे. तिकडे धारेला ऊन कसं आहे, तुमचं बीपी कसं आहे, गोळ्या वेळेवर घेता की शेजारणीला वाटून टाकता, ते कळवावं. हे सगळं फोनवर विचारता आलं असतं, पण तुम्ही फोन स्पीकरवर ठेवता आणि अख्खी गल्ली ऐकते. आज लिहायचं आहे ते गल्लीनं ऐकण्यासारखं नाही.

तुमच्या कादंबरीच्या चार वह्या कुरियरनं पोचल्या. खरं सांगतो, वाचायचा विचार नव्हता. मनावर गावच्या शाळेत बत्तीस वर्षं हिंदीतून भूगोल शिकवलेली बाई अडुसष्टाव्या वर्षी मराठी कादंबरी लिहिते म्हणजे काय लिहिणार, असं मला वाटलं. (माफी असावी. माझ्या नावावर चौदा कादंबऱ्या आहेत, त्यामुळे असं वाटायची सवय लागली आहे.) दोन पानं चाळून "प्रयत्न स्तुत्य" असं कळवणार होतो. पण दुसऱ्या वहीत ही ओळ आली आणि माझा चहा निवला:

«ती दाराकडे पाठ करून मेथी निवडत बसली होती. नुकत्याच न्हालेल्या केसांच्या टोकाला थेंब जमे, पडेल पडेल म्हणता पडत नसे. जुडीला हात घातला की तो पाठीवर उतरे, आणि तिथला पावलीएवढा ओला डाग दिवसभर वाळत नसे.»

अक्का, हे तुम्हाला कुणी शिकवलं? यात 'सुंदर' नाही, 'मोहक' नाही. 'पडेल पडेल म्हणता' वाचताना वाचणाराच श्वास धरून बसतो. माझ्याकडे एक डायरी आहे, तीत मी चाळीस वर्षं इतरांची चांगली वर्णनं उतरवून घेतो (स्वतःचं एकही नाही, हे तुमच्या लक्षात आलंच असेल). ही ओळ उतरवताना माझ्या पोटात इतकं दुखलं की ओवा खावा लागला. माझ्या चौदा कादंबऱ्यांतल्या यच्चयावत बायकांचे डोळे टपोरे आणि चेहरा चंद्रासारखा आहे. एकीचीसुद्धा पाठ ओली नाही.

आता तक्रारीकडे येतो. दुपारी चारच्या सुमारास ती ओळ मोठ्यानं वाचली. चांगली ओळ मोठ्यानं वाचावी अशी माझी पद्धत आहे. वाचली आणि स्वयंपाकघरातून मेथीचा वास आला. ज्येष्ठात मेथी कुठली, आणि उमा जाऊन तीन वर्षं झाली, घरात भाजी निवडणार कोण? म्हटलं, ओवा जास्त झाला. उठून पाहिलं, तर पाटावर दाराकडे पाठ करून ती बसली होती. केसांच्या टोकाला थेंब होता. तो पडेना.

मी ओरडलो बिरडलो नाही. "उमा?" एवढंच म्हणालो. तिनं जुडीला हात घातला, थेंब उतरला. मग मी तिचं तोंड पाहायला समोर गेलो, तर समोरूनही पाठच. वाटलं, माझंच काहीतरी चुकतंय, म्हणून उजवीकडून गेलो. पाठ. फ्रिज आणि भिंतीच्या फटीत हा असला गुडघा घेऊन घुसलो (अडकलो, ते वेगळं सांगत नाही), तिथूनही पाठच. तेव्हा कळलं की दोष माझा नाही, तुमचा आहे. तुम्ही पाठच लिहिली आहे. बिचारीनं तोंड आणावं कुठून?

भास म्हणावा तर पंखा दुरुस्त करायला मारुती आला. तो या कॉलनीत नवा आहे, त्याला आमच्या घरचं काही ठाऊक नाही. स्टुलावर चढला आणि तिथूनच म्हणाला, "भिया, भाभीजी कधीपासून निवडतायत, जुडी संपतच नाहीये. आणि टॉवेल द्या ना त्यांना, पाठ भिजलीये, सर्दी होईल." मी टॉवेल नेला. ठेवू कुठे, कळेना, म्हणून पाटाशेजारी ठेवून आलो. तुमच्या ओळीत टॉवेल नसल्यामुळे तो तसाच पडून आहे.

आता मी लेखक आहे. म्हटलं, अक्कांनी नाही लिहिलं तर मी लिहितो. कोरा कागद घेतला आणि लिहिलं, "तिने आपला चंद्रासारखा चेहरा वळवला." सवयीनं मोठ्यानं वाचलं. तिनं वळवला, अक्का. गोल, पांढरा, गुळगुळीत. डोळे नाहीत, नाक नाही, काही काही नाही, आणि सगळं स्वयंपाकघर त्यानं उजळलेलं. मी ती ओळ इतकी खोडली की कागद फाटला. पुन्हा पाठ झाली तेव्हा कुठे मला श्वास आला. मग भिंतीवरचा लग्नातला फोटो पाहून लिहिलं, तर ती मान ताठ करून श्वास रोखून बसली. तेही खोडलं. मग शेवटी आठवून लिहायला बसलो. दोन तास बसलो. एक्केचाळीस वर्षांचा संसार, आणि कागद कोराच.

तेव्हा विनंती एवढीच की तो परिच्छेद कादंबरीतून काढून टाकावा. कथानक तिथं रेंगाळतं. बाकी प्रयत्न स्तुत्य आहे.

आपला,
यशवंतराव

ता. क. परिच्छेद काढू नका. कथानक कुठेही रेंगाळत नाही, मी जळून तसं लिहिलं. तुम्ही तो काढलात तर ती कुठे जाईल?

ता. क. २. पाकीट चिकटवलं होतं, पुन्हा फोडलं. अक्का, खरं मागणं हे आहे, पुढची ओळ लिहा. ती वळते, ती ओळ. तुम्ही तिच्या वेण्या घातल्यात, तिला आंघोळी घातल्यात, तुम्हाला तिचा चेहरा येतो. माझं लिहायचं टेबल कायम खिडकीकडे होतं आणि ती कायम माझ्या मागे. हाका मारायची तेव्हा मी मान न वळवता "हूं" म्हणायचो. म्हणून मला येत नाही. सुंदर करू नका. हसताना तिचा कुठला गाल आधी वर जायचा, तेवढं नीट लिहा. चिडलेली असेल तर चिडलेली लिहा, मी सोसेन.

ता. क. ३. आणि वळल्यावर ती काय म्हणते, ते मात्र लिहू नका. मला लिहिलेलं नको. ते तिचं तिला म्हणू दे, मी समोर बसून ऐकतो.